एक डोळा अजून शाबूत आहे : कर्नाटकच्या उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला चहापत्तीतून कॅफिन काढताना एका मुलीच्या सेपरेटिंग फनेलचं (दोन द्रव वेगळे करायच्या काचेच्या भांड्याचं) बूच उडालं आणि डायक्लोरोमिथेन (डीसीएम) माझ्या तोंडावर आलं. हे द्रावक ४० अंशांना उकळतं. मार्च महिन्यात, पत्र्याखालच्या लॅबमध्ये, नुसत्या हाताच्या उबेनंही फनेलात दाब चढतो. डावा डोळा अजून नीट उघडत नाही. औषधाचे पैसे मीच भरले. गेस्ट लेक्चरर आजारी पडत नसतो, त्याचे तास कापले जातात.

मागच्या तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट) जूनपर्यंत येईल. कुठल्या सालचा जून, ते विचारायचं राहून गेलं.

हूडही राहू द्या. प्रयोग बदला. घातक द्रावकं टाळा, कचरा होऊच देऊ नका, असं सांगणारी हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं १९९८ साली मांडली गेली. आमची मुलं ती पाठ करून पेपरात गुण घेतात आणि दुसऱ्या दिवशी डीसीएम बेसिनमध्ये ओततात. ६० मुलं, प्रत्येकी ३० मिली, म्हणजे दोनेक लिटर. बेसिनचं पाणी नाल्यात, नाला मलप्रभेत. अमेरिकेनं २०२४ मध्ये याच द्रावकाच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. आम्ही मात्र शिकवतोय!

खानापुरात परसापरसात गवती चहा आहे. पाती चिरा, वाफेवर ऊर्ध्वपातन करा, पाण्यावर सिट्रलचं (लिंबासारखा वास देणाऱ्या घटकाचं) पिवळसर तेल तरंगतं. द्रावक म्हणून फक्त पाणी. मी घरी कुकरची शिट्टी काढून, नळी लावून करून पाहिलं. (त्या कुकरात बायको अजून भात लावत नाही.) परदेशी कॉलेजांत कोरड्या बर्फाचा द्रवरूप कार्बन डायऑक्साइड करून संत्र्याच्या सालीतलं तेल काढतात; इथे कोरडा बर्फ कोण देणार, ते सोडा.

हाच प्रस्ताव पाठवला. उत्तर आलं, कन्नडमध्ये पाठवा. कन्नडमध्ये पाठवला, तर म्हणे योग्य मार्गे पाठवा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आम्ही योग्य मार्गच शोधतोय, साहेब. इकडचे म्हणतात तुम्ही तिकडचे. तिकडचे मुंबईत ठराव करतात आणि जेवायला जातात. बेळगावात सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकचं दुसरं विधानभवन, उभा राहिला, अधिवेशनापुरते दहा-बारा दिवस गजबजतो. त्या दिव्यांच्या बिलात आमच्या तालुक्यातल्या किती लॅबना नुसते एक्झॉस्ट पंखे बसले असते!

येत्या गुरुवारी दुसऱ्या बॅचचं प्रॅक्टिकल आहे. पुन्हा डीसीएमच. पोरींना सांगितलंय, फनेल मी हलवणार.

आपला,
एक गेस्ट लेक्चरर, खानापूर तालुका