काढा द्या, पण मोजूनही पाहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा सरकार, यांस सादर नमस्कार.

माझी पत्नी परिचारिका आहे. कोविडच्या काळात ती तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिऱ्यांचा काढा पिऊनच ड्युटीवर जायची. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानेही तो सुचवला होता. वॉर्डातल्या सफाई कामगार बायकाही तो घेत. त्याने त्यांचा संसर्ग टळला का, हे सांगता येत नाही, कारण त्यांच्यापुरते ते कुणी मोजलेच नाही.

२००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हाँगकाँगच्या रुग्णालयांत असा प्रयत्न झाला होता. हजारावर स्वयंसेवकांनी, त्यात बहुतेक रुग्णालयीन कर्मचारी, चिनी वनौषधींचा अर्क दोन आठवडे घेतला. त्यांच्यापैकी एकालाही सार्स झाला नाही. न घेतलेल्या पंधरा हजारांवर कर्मचाऱ्यांत ०.४ टक्के लोकांना झाला. आकडा आशा वाढवणारा आहे. पण अर्क घेणारे आपणहून पुढे आले होते, चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. आपणहून औषध घेणारा माणूस मास्क आणि हात धुणे यांतही जास्त काटेकोर असू शकतो. मग श्रेय अर्काला द्यायचे की त्या काटेकोरपणाला?

वनस्पती आहे म्हणजे अपाय नाहीच, असेही नाही. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. तसे असेल तर वेल ओळखून, तपासूनच द्यायला हवी.

धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे आणि बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), दोन्ही एकाच उत्तर गोव्यात. या दोघांनी मिळून रुग्णालयीन कर्मचाऱ्यांत काढ्याची चाचणी करावी, ही माझी मागणी. कुणाला काढा आणि कुणाला तशाच चवीचे निरुपद्रवी पेय, हे चिठ्ठीने ठरावे. चाचणीची नोंदणी आधी व्हावी आणि निकाल विरुद्ध गेला तरी तो जाहीर व्हावा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कंत्राटी कामगाराला सुपरवायझरपुढे ‘नको’ म्हणणे जड जाते. म्हणून त्यांची संमती सुपरवायझरने नव्हे, बाहेरच्या माणसाने घ्यावी. आणि चाचणी होईपर्यंत एन-९५ मास्क व फ्ल्यूची लस कंत्राटी कामगारांसकट प्रत्येकाला मिळावी. काढा त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आपला नम्र,
एका परिचारिकेचा पती, फोंडा