केवडा म्हटलं की फोन केवढा लिहितो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर छाटणीपासून आमच्या द्राक्षबागेची फवारणीची नोंद फोनवर बोलून ठेवायची असं मीच ठरवलं, कारण बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) कालवून सासऱ्यांचे हात निळे झालेले असतात (घरात आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणतो) आणि त्या हातांनी वही धरली की पान खराब होतं, म्हणून म्हटलं नाना, तुम्ही नुसतं बोला, फोन लिहून घेईल. पहिल्याच दिवशी ते बोलले, "दोन नंबर प्लॉटला केवड्याचा स्प्रे घेतला." केवडा म्हणजे द्राक्षवेलीवरचा बुरशीचा रोग. फोनने लिहिलं, "दोन नंबर प्लॉटला केवढ्याचा स्प्रे घेतला." पुढे विरळणीला वेलीवरच्या घडांचे गड झाले, भुरी या दुसऱ्या रोगाचं बुरी तर रोजचंच. मी दुरुस्त करायचे, दुसऱ्या दिवशी परत तेच. महिनाभराने नाना म्हणाले, आण बाई ती वही.

हे किरकोळ नाही हो. युरोपला माल पाठवायचा तर ग्रेपनेटला (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर) बागेची नोंदणी लागते, रेसिड्यूची म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची तपासणी होते, कुठलं औषध कधी मारलं आणि काढणीपर्यंत किती दिवस गेले हे तारखेनिशी दाखवावं लागतं, तिथे रोगाचं न् औषधाचं नावच चुकीचं असेल तर नोंद ठेवून उपयोग काय?

माझा भाऊ नाशकात एका डॉक्टरांकडे इंग्रजी रिपोर्टचं काम करतो, तिथे ड्रॅगन नावाचं, बोललेलं लिहून घेणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्याने मला दाखवलं. नवीन औषध आलं की तो त्याचं नाव शब्दसंग्रहात टाकतो, एका रकान्यात लिहायचं कसं आणि दुसऱ्यात बोलायचं कसं, झालं, पुढच्या वेळी शब्द बरोबर उमटतो. नको तो शब्द काढूनही टाकता येतो. ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग बाजारात आलं १९९७ साली! आणि माझ्या फोनच्या मराठी डिक्टेशनमध्ये आपला शब्द शिकवायला आजही जागा नाही.

भाऊ म्हणतो मशीन नुसता आवाज ऐकत नाही, कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द येतो त्याचाही अंदाज बांधतं. केवढा सगळीकडे छापलेला, केवडा रोग फक्त आपल्या बागांत, मग ते केवढाच निवडणार. मी करून बघितलं, "पानाखाली पांढरी बुरशी, केवडा रोग" असं पूर्ण बोललं की कधीकधी बरोबर येतं, पण दिवसभर फवारून दमलेल्या माणसाने एवढं का बोलावं?

केंद्र सरकारच्या भाषिणी या भारतीय भाषांच्या प्रकल्पात भाषादान म्हणून सोय आहे, मशीनला आपली भाषा शिकवायला लोक आपला आवाज देऊ शकतात. चांगलंच आहे, निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांनी जरूर द्यावा. पण त्याने माझ्या फोनमध्ये उद्या केवडा येणार नाही, त्यासाठी शब्द टाकायची जागाच हवी, ड्रॅगनसारखी, मराठीत. आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने द्राक्षाच्या शब्दांची एक यादी करून दिली तर प्रत्येकाला वेगळं टाकत बसावं लागणार नाही.

मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. खरड छाटणी, बगलफूट, सबकेन, मोरचूद, डिपिंग, थॉमसन असे पन्नासेक शब्द नानांना विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहिलेत, समोर ते कसे बोलतात तेही. तुमच्या शेतीच्या पानावर जागा असेल तर पाठवते, कांदा आणि डाळिंबवाल्यांनीही त्यात आपले शब्द घालावेत.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक