अण्णा, तुमच्यामुळे पोरगा मराठी वाचायला लागला

टिळकवाडीच्या अण्णांना,
सा. न. वि. वि.

हे तुम्हाला फोनवर सांगायला गेले असते तर "राहू दे गं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून चार लोकांसमोर लिहिते.

आमचा मुलगा खानापुरात इंग्रजी शाळेत जातो. दुसरी भाषा कानडी. मराठी घरात बोलण्यापुरती. कानडी पाट्या तो धडाधड वाचायचा आणि मराठी पुस्तक दिलं की "आई, तूच वाच की" म्हणायचा. दोन वर्षं मी रागावले, समजावलं, रडलेसुद्धा. मग तुम्ही रोज रात्री माझ्या फोनवर त्याच्यासाठी एकेक गंमत पाठवायला लागलात, मुद्दाम मराठीत.

पहिली गणितज्ञ कापरेकरांची होती. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे, त्यातून उलट मांडलेली संख्या वजा करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. त्याने आपलं जन्मसाल २०१४ घेतलं. ४२१० वजा ०१२४, ४०८६. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. तिथून पुढे हलेचना! जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात असं तुम्ही लिहिलं होतं, याला बरोब्बर सात लागल्या. देवळालीच्या एका शाळामास्तराने हे शोधलं, हे वाचायला त्याने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. अडखळत का होईना, स्वतः वाचलं.

"जगात १० प्रकारची माणसं असतात, द्विमान पद्धत कळणारी आणि न कळणारी" हा विनोद (द्विमान पद्धतीत फक्त ० आणि १ असतात, त्यामुळे तिथे १० म्हणजे दोन) त्याला दोन दिवसांनी कळला, जेवता जेवता. घास तोंडात तसाच, आणि हसतोय.

पण खरी गोडी लावली उलट वाचली तरी तीच राहणाऱ्या वाक्यांनी. "रामाला भाला मारा" त्याला लगेच पटलं. "तो कवी डालडा विकतो" वर मात्र तो अडून बसला: कवीतला वी दीर्घ, विकतोतला वि ऱ्हस्व, मग हे चालतं कसं? तुम्ही उत्तर पाठवलंत की शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांआधी 'कवि' ऱ्हस्वच लिहायचे. ज्या मुलाला देवनागरी नको होती, तो वेलांटीवरून तुमच्याशी भांडत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेत. तुम्ही आलेलं काहीही तसंच पुढे ढकलत नाही. आधी स्वतः करून बघता. एकदा "काल पाठवलेलं चुकलं, खोडून टाक" असं त्या एवढ्याशा मुलाला तुम्ही लिहिलंत. ते त्याने वहीत जपून ठेवलंय.

इंदिरा संतांची कविता तुम्ही रोज दोन ओळी अशी पाठवलीत. त्या आपल्या बेळगावात राहायच्या, हे कळल्यावर पुढच्या ओळी कधी येणार म्हणून तो वाट बघायचा.

परवा एका लग्नपत्रिकेत त्याला 'नवजीवन' दिसलं. उलट वाचलं आणि घरभर नाचला. तुम्हाला तो स्वतः लिहिणार आहे, कागदावर, मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ मी तपासणार नाही, ते तुमच्याकडे.

तुमची,
खानापूरची लेक