पहिल्या नंबरचा फोटो छापलात, शेवटच्या नंबरचं काय?

संपादक महोदय, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एका ऑफिसातल्या वॉकिंग चॅलेंजच्या विजेत्याचा फोटो छापलात, हातात ट्रॉफी, मागे बॅनर आणि खाली ओळ की या पठ्ठ्याने ३० दिवसांत ७ लाख पावलं टाकली. बाकीच्यांनी वाचून वा वा केलं असेल, मी मात्र आधी कॅल्क्युलेटर उघडला. ७ लाख भागिले ३० म्हणजे रोजची २३ हजारांच्या वर पावलं, आणि बऱ्यापैकी भरभर चालणारा माणूस मिनिटाला साधारण १०० पावलं टाकतो, म्हणजे रोज जवळजवळ चार तास नुसतं चालणं, तेही एकही खाडा न करता. मग हे साहेब कामाला कधी बसत होते? चेष्टा करतेय, खरंच चालले असतील तर कौतुकच आहे. पण शेवटून पहिला कोण आला आणि त्याचं पुढे काय झालं हे त्या बातमीत कुठेच नव्हतं, आणि मला नेमकं तेच वाचायचं होतं.

कारण असं चॅलेंज मी आमच्या ऑफिसात दोनदा भरवलंय. मी ॲडमिनमध्ये आहे, म्हणजे फायर ड्रिलपासून फेअरवेलपर्यंत जे काम कुणाचंच नसतं ते माझं असतं. पहिल्या वर्षी अगदी तुमच्या बातमीतल्यासारखंच केलं. वरून मेल आला, रोज १०,००० पावलं, ३० दिवस, पहिल्या तिघांना बक्षीस. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, रात्री दहापर्यंत प्रत्येकाने फोनचा स्क्रीनशॉट टाकायचा आणि मी तो एक्सेलमध्ये भरून झोपायच्या आधी नंबरवार लिस्ट टाकायची. पहिला आठवडा नुसता धुरळा, लोक लिफ्टकडे बघेनात, फोन आला की उठून फेऱ्या मारायला लागले, मलाही वाटलं काय भारी काम केलंय आपण. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर सहा जण बोलत होते. रोज तेच सहा, आणि सहाही असे की चॅलेंज नसतं तरी पहाटे उठून पळायला जाणारे.

आमच्या अकाउंट्समध्ये एक सीनियर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, रिटायरमेंटला थोडीच वर्षं राहिलीयत. पहिल्या दिवशी त्यांची २,१०० पावलं भरली. त्यांनी इमानदारीत स्क्रीनशॉट टाकला, खाली कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला, वाईट मनाने नसेल टाकला पण टाकला. चौथ्या दिवशी काकांनी ग्रुप सोडल्याची ती करड्या रंगाची बारीक ओळ दिसली आणि कुणीच काही बोललं नाही, मीसुद्धा नाही, मी त्या दिवशीची लिस्ट टाकली आणि झोपले. अजून एक घोळ, कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून आलं म्हणून मी रिसेप्शनजवळ वजनकाटा ठेवला होता, सुरुवातीचं आणि शेवटचं वजन लिहायला. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर कोण उभं राहणार त्यावर? दोन दिवसांनी मीच गुपचूप उचलून स्टोअरमध्ये टाकला.

आणि चोऱ्या किती! एका मीटिंगमध्ये माझ्या शेजारचा माणूस चेहरा गंभीर ठेवून टेबलाखाली मनगट हलवत होता, मला आधी वाटलं हाताला मुंग्या आल्या असतील. एका गृहस्थांनी तर फोन बाळाच्या पाळण्याला बांधून ठेवला, बाळ झोपलं आणि यांची सात हजार पावलं झाली. तोवर मी समजत होते की फोन पावलं मोजतो. तो पावलं-बिवलं काही मोजत नाही, त्याच्यातला सेन्सर हिसके मोजतो, ठरावीक लयीत हिसके बसले की त्याच्या लेखी माणूस चालला. याची उलटी बाजू मला जास्त लागली. आमच्या स्टोअरमधला मुलगा दिवसभर ट्रॉली ढकलत बिल्डिंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, त्याने हौसेने घड्याळ आणलं तर त्याची पावलं माझ्यापेक्षा थोडीशीच जास्त, कारण ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवलेला हात हलतच नाही ना. म्हणजे पाळणा सात हजार चालला आणि दिवसभर पायांवर असलेला माणूस लिस्टमध्ये खाली. साफसफाई करणाऱ्या ताई तर लिस्टमध्येच नव्हत्या, त्या कॉन्ट्रॅक्टवर म्हणून मेलच गेला नव्हता.

चॅलेंज संपल्यावर हे १०,००० आले कुठून ते शोधत बसले. मला वाटायचं डॉक्टर लोकांनी काहीतरी हिशोब मांडला असेल. तर १९६४ ची टोकियो ऑलिंपिक झाली, जपानमध्ये व्यायामाची हवा होती आणि १९६५ साली तिथे कमरेला लावायचं एक पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, नाव मानपो-केई. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल, केई म्हणजे मोजायचं यंत्र. यंत्राचं नाव जगभर टार्गेट होऊन बसलं! दहा हजार वाईट आहेत असं नाही, चालवत असतील तर जरूर चालावं, पण त्याच्या आत सगळं फुकट असं जे लोकांच्या डोक्यात बसलंय ते खोटं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांवरचा एक मोठा अभ्यास आला, १६ हजारांच्या वर बायका, सरासरी वय ७२. त्यात रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. आता यात कुणी म्हणेल की ज्या मुळात धडधाकट त्याच जास्त चालत असणार, बरोबर आहे, पुढे मी त्यावरच येतेय. पण आमच्या काकांचा विचार करा, २,१०० वरून ४,००० वर जाणं हे त्यांच्यासाठी केवढं मोठं काम आणि आमच्या लिस्टमध्ये त्याची किंमत शून्य, उलट हसण्याचा इमोजी.

आता ते धडधाकटांचं. चालण्याबद्दल कुणीही लिहायला बसलं की लंडनच्या बसचा किस्सा येतोच. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने १९५३ मध्ये छापलं की तिथल्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. इथपर्यंत सगळे सांगतात. पण पुढे १९५६ मध्ये त्याच लोकांनी बस कंपनीच्या युनिफॉर्मच्या मापांचं रेकॉर्ड काढून बघितलं, आणि ड्रायव्हरांच्या पँटच्या कमरा कंडक्टरांपेक्षा मोठ्या निघाल्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे सगळंच काही जिन्याने केलेलं नसावं, थोडा फरक माणसं नोकरीवर येतानाच घेऊन आलेली असावीत. मला तर ती पँटची गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा जास्त आवडते, आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊन शिंप्याची वही उघडणारा माणूस म्हणजे काय!

तेच ऑफिसच्या वेलनेसचं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच जवळजवळ ५,००० कर्मचाऱ्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना वेलनेस प्रोग्रॅम दिला आणि काहींना नाही, त्याचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. भाग घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसायचा, पण तो बराचसा आधीपासूनचाच, कारण भाग घेणारे मुळात तब्येतीने बरे होते आणि त्यांचा औषधपाण्याचा खर्च आधीच कमी होता. प्रोग्रॅममुळे म्हणून जो फरक पडायला हवा तो वर्षभरात बहुतेक बाबतीत सापडलाच नाही. हे वाचलं आणि मला माझे ते सहा जण डोळ्यासमोर आले. मी एक महिना राबून, रोज रात्री एक्सेल भरून, आधीच पळणाऱ्यांना ट्रॉफी वाटली होती.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी अट घातली की करीन तर माझ्या पद्धतीने. पहिले दोन आठवडे काहीच करायचं नाही, रोजच्यासारखं जगायचं आणि आपला आकडा आपल्याजवळ लिहून ठेवायचा. त्याची सरासरी काढली की तिच्यावर हजार पावलं हे तुमचं टार्गेट, ते अंगवळणी पडलं की अजून हजार. ग्रुपवर पावलांचा आकडा टाकायचाच नाही, टार्गेट झालं की नुसती टिक. चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे पाच-पाच जण एका टीममध्ये, आणि टीमचे मार्क म्हणजे पाचांच्या मिळून टिक किती. वीस हजार चालणाऱ्याचीही दिवसाला एकच टिक आणि काकांचीही एकच. पळणाऱ्यांनी थोडी कुरकूर केली, मग गंमत अशी झाली की टीम जिंकायची तर तेच दुपारी जाऊन काकांना ओढून काढायला लागले. ज्यांचे गुडघे धरलेत, जे व्हीलचेअरवर आहेत, जे पोहतात, त्यांच्यासाठी पावलांऐवजी हालचालीची मिनिटं धरली. डब्ल्यूएचओचा २०२० चा सल्लासुद्धा मिनिटांतच आहे, मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असा, आणि पूर्वी जी सलग दहा मिनिटं तरी पाहिजेत अशी अट होती ती आता काढून टाकलीय, म्हणजे जिन्याची दोन मिनिटंसुद्धा जमेला. स्टोअरच्या मुलाला सांगितलं घड्याळ खिशात ठेव, त्याचा प्रश्न तेवढ्यात सुटला. ताईंना यावेळी टीममध्ये घेतलं, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मॅडम आम्हाला चालायचं टार्गेट नको, बसायचं द्या. हसू आलं पण बरोबरच होतं, त्यांच्या टिकला आम्ही दुपारची वीस मिनिटं पाय वर करून विश्रांती असं धरलं.

खरी मारामारी झाली ती वेळेवरून. माझं म्हणणं एवढंच होतं की चालायला सकाळी पंधरा आणि दुपारी पंधरा मिनिटं ऑफिसच्या वेळेतून द्या आणि त्या वेळेत मीटिंग लावू नका. मॅनेजरसाहेब म्हणाले, लोक सुट्टी समजून टाइमपास करतील. मी म्हटलं साहेब, लोक मग रात्री पावणेदहाला बेडरूममध्ये येरझाऱ्या घालतात टार्गेटसाठी, घरचे वैतागतात, आणि ज्या बाईला ऑफिसातून जाऊन पुन्हा घरचं सगळं बघायचंय तिने तुमच्या चॅलेंजसाठी तास कुठून आणायचा? दिवसभर आठ-नऊ तास खुर्चीला बांधून ठेवणार ऑफिस, आणि ते भरून काढायचं माणसाने स्वतःच्या वेळेत, आणि वर त्याला म्हणायचं आम्ही तुमच्या तब्येतीची काळजी घेतो! त्या लंडनच्या कंडक्टरला कुणी चॅलेंज दिलं नव्हतं हो, जिना त्याच्या कामातच होता. महिनाभराची ट्रायल म्हणून शेवटी हो म्हणाले. तरी फोनवरच्या टीमचा प्रश्न राहिलाच, हेडसेट लावून बसलेल्यांना त्यांच्या जागी दुसरं कुणी बसवल्याशिवाय उठताच येत नाही. तिथे त्यांची टीम लीडर स्वतः आळीपाळीने एकेकीचा हेडसेट लावून पंधरा-पंधरा मिनिटं बसायची. बक्षीस द्यायचंच असेल तर मी तिला देईन.

अजून एक गोष्ट मी लेखी घेतली, की कुणाच्या घड्याळातला डेटा एचआरकडे जाणार नाही. कोण किती वाजता झोपतो आणि कुणाचे ठोके किती हे ऑफिसला कशाला पाहिजे?

फरक काय पडला म्हणाल तर कुणाचं वजन घटल्याचं मला माहीत नाही, आजारपणाच्या रजा कमी झाल्या का तेही आमच्या एवढ्याशा ऑफिसच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही आणि मी सांगणारही नाही. पण दुसऱ्या वर्षी सुरू केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक शेवटपर्यंत होते. आणि एक दिवस काका माझ्या टेबलापाशी आले, म्हणाले दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधला दिवा गेलाय, जिन्यात दिसत नाही. मी इतकी वर्षं ॲडमिनमध्ये आहे, जिन्यातल्या दिव्याची तक्रार घेऊन आलेला तो पहिला माणूस! तो दिवा कधीपासून बंद होता कुणास ठाऊक, जिन्याने कुणी जातच नव्हतं.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण तुमचा तो फोटो आमच्या नव्या साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलाय आणि खाली लिहिलंय की यंदा आपणही असंच करू, लीडरबोर्ड, मोठी ट्रॉफी वगैरे. मी सोमवारी त्यांच्याकडे जाणारच आहे, जमलं तर हे पत्र छापा म्हणजे कात्रण घेऊन जाईन. आणि पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराला एवढं विचारायला सांगा, किती जणांनी सुरुवात केली, शेवटच्या दिवशी किती उरले आणि चालायला वेळ कुणाचा गेला, ऑफिसचा की घरचा.

आपली नियमित वाचक

ता. क. पाळण्याला फोन बांधणारे गृहस्थ दुसऱ्या वर्षी माझ्यासोबत स्कोअर ठेवायला बसले होते. चोरी कुठे होऊ शकते ते त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.