विड्या वळता वळता माझा अभ्यास घेणाऱ्या अक्कांना

अक्का,

हे पत्र मराठीत आहे आणि तुमची शाळा तेलुगू माध्यमाची, म्हणजे हेही मलाच तुमच्या उंबऱ्यात बसून वाचून दाखवावं लागणार. पण आभार चारचौघांत मानायचे असं ठरवलंय, कारण माझ्या एम.ए.च्या वहीवर नाव माझं एकटीचं आहे आणि आतलं निम्मं बोलणं तुमचं.

एम.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा एका पेपरात गुन्हेकथा आणि नॉयर सिनेमे आले. दर आठवड्याला एक गोष्ट वाचायची नाहीतर एक सिनेमा बघायचा आणि पानभर प्रतिसाद लिहायचा. पहिलं पान मी नेटवरून उचललं, कबूल करते. नॉयर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा, १९४६ साली निनो फ्रँक या समीक्षकानं हॉलिवूडच्या काळोख्या गुन्हेपटांसाठी तो शब्द वापरला, हिटलरमुळे युरोप सोडून आलेल्या दिग्दर्शकांनी तिकडच्या सावल्या सोबत आणल्या, वगैरे वगैरे. मॅडमनी खाली लाल शाईनं लिहिलं, 'सगळं बरोबर आहे. यात तू कुठे आहेस?' दुसऱ्या आठवड्याला नुसतं कथानक लिहून दिलं. तेही परत आलं.

एप्रिल होता. वीज गेली की सोलापूरजवळचं आपलं कुंभारीचं गोदूताई घरकुल, विडी कामगार बायकांच्या १०,००० घरांचं, आख्खंच्या आख्खं दारात येऊन बसतं. तुमच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात पानं. 'काय वाचालीस?' म्हणालात. म्हटलं, खुनाची गोष्ट आहे. 'मग मनात कशाला? मोठ्यानं वाच की.'

ती हेमिंग्वेची 'द किलर्स' होती, १९२७ सालची. दोन भाडोत्री मारेकरी खानावळीत येऊन बसतात, आचाऱ्याला आणि निक नावाच्या पोराला बांधून घालतात आणि ज्याला मारायचं त्याची वाट बघतात. तो जेवायला येतच नाही. ते गेल्यावर निक त्या माणसाच्या खोलीवर जाऊन त्याला सावध करतो, आणि तो, एके काळचा बॉक्सर, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मला वाटलं, लेखकानं फसवलं. का मारायचंय ते सांगितलं नाही, मारलं की नाही तेही नाही. (१९४६ साली यावर सिनेमा काढणाऱ्यांनाही तेच खटकलं असावं. गोष्ट पहिल्या काही मिनिटांत उरकून बाकीचा सगळा सिनेमा त्यांनी 'का'चं उत्तर द्यायला खर्च केला.) तुम्ही विडीचं तोंड दुमडत विचारलंत, 'कपडे घालून पडलाय का तो?' मी मागचं पान बघितलं. हो, अंगावर सगळे कपडे.

मग तुम्ही तुमच्या सासऱ्यांचं सांगितलंत. गिरणी बंद पडल्यावर कितीतरी दिवस ते पहाटे उठून, अंघोळ करून, शर्ट-पँट घालून पुन्हा खाटेवर पडायचे. भिंतीकडे तोंड करून. 'भीती नसते गं ती. बाहेर जायचं ठरतच नाही.' त्या बॉक्सरच्या तोंडी जवळजवळ हेच वाक्य आहे अक्का, आणि ते तुम्हाला वाचून दाखवायचं मी घाईत गाळलं होतं.

त्या रात्री लिहिलेलं पान परत आलं नाही.

सिनेमा आपण डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर बघितला. 'डबल इन्डेम्निटी', १९४४, बिली वाइल्डरचा. विम्याचा एजंट आणि एक बाई मिळून तिच्या नवऱ्याला मारतात, कारण रेल्वे अपघातात मेला तर विम्याचे पैसे दुप्पट. पट्ट्यांच्या पडद्यातून येणाऱ्या उन्हाच्या रेघा म्हणजे तुरुंगाचे गज, हे मी आधीच कुठंतरी वाचून तयार होते. तुमचं लक्ष उन्हातल्या धुळीकडे. 'एवढ्या मोठ्या घरात धूळ कशी? मन नाही त्या बाईचं घरात.' आणि पुढे, प्रेत रुळांवर टाकून दोघं गाडीत येऊन बसतात आणि गाडी चालूच होईना, तेव्हा तुम्ही मोबाइलला ओरडलात, 'हो की बाई चालू!' गाडी चालू झाली. तुम्ही हुश्श केलंत, मग माझ्याकडे बघून म्हणालात, 'आपण कुणाच्या बाजूनं हाय गं?'

आमच्या आजोबांच्या पेटीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा गठ्ठा होता. झुंजार, काळा पहाड. ती वाचताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुस्तक मिटलं की निवांत झोप लागायची. या सिनेमानंतर लागली नाही.

पण खरी गंमत सुझन ग्लास्पेलच्या गोष्टीत झाली. 'अ ज्युरी ऑफ हर पिअर्स', म्हणजे तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी, १९१७. अमेरिकेतल्या आयोवात १९०० साली एका शेतकऱ्याचा खून झाला आणि बायकोला धरलं. ग्लास्पेल तेव्हा तिथे वार्ताहर होती, तो खटला तिनं बातम्यांतून लिहिला आणि पुढे त्यातून आधी नाटक केलं, मग ही गोष्ट. गोष्टीत नवरा गळ्याला दोरी आवळून मारलेला. शेरीफ आणि सरकारी वकील घरभर पुरावा शोधत हिंडतात. स्वयंपाकघरात काही नाही म्हणतात, बरण्यांची काळजी करणाऱ्या बायकांना हसतात. त्याच स्वयंपाकघरात बसलेल्या दोन बायकांना एक अर्धवट गोधडी सापडते. सगळे टाके एकसारखे, एका ठिकाणी मात्र वेडेवाकडे.

मी एवढं वाचलं आणि तुम्ही म्हणालात, 'त्या दिवशी काहीतरी झालं तिच्या घरात.' मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? 'घरात भांडण झालं की त्या दिवशीच्या माझ्या विड्या कारखान्यात खराब म्हणून जास्त बाजूला काढतात.'

पुढे त्या दोघींतली एक, मिसेस हेल, ते वाकडे टाके उसवून नीट घालते. ते वाक्य मी तीनदा वाचलं होतं आणि मला वाटलं होतं, बाईला नीटनेटकेपणाची सवय आहे. तुम्ही एकदाच ऐकलंत. 'हां. लपवलं तिनं.' मग त्या शेतकऱ्याच्या बायकोचा मान पिरगळलेला पक्षी, रेशमी कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेला, आणि ती पेटी शेवटी मिसेस हेलच्या कोटाच्या खिशात. तेव्हा तिकडे बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं, हे मी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, 'बसल्या की दोघी.' अख्ख्या शीर्षकाचा अर्थ झाला तो, आणि मी त्यावर पाऊण पान खरडलं होतं!

या गोष्टीवर मात्र आपलं पटलेलं नाही. मेलेल्या माणसाची बाजू तिथे कुणी ऐकतच नाही, हे मला अजून खुपतं. तुमचं म्हणणं, जिवंत होता तोवर सगळे त्याचीच ऐकत होते. वहीत मी दोन्ही लिहिलं. मॅडमनी खाली विचारलंय, 'ही अक्का कोण?'

त्यांना काय सांगू, ते तुम्हीच ठरवा. पानांच्या देठांचा केर माझ्या वहीत अजून सापडतो, तो मी झटकलेला नाही. तुम्हाला मदत म्हणून मी दोरा बांधलेल्या विड्या किती बाजूला निघाल्या, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत, त्याबद्दलही आभार.

रविवारी येते. नवी गोष्ट आहे. तिच्यात एक बाई आहे, पोलीस नवरा आहे आणि बर्फासारखी गोठलेली मटणाची तंगडी. पुराव्याचं पुढे काय होतं ते आधी सांगत नाही, पण त्या दिवशी जेवण लवकर उरकून घ्या.

तुमची,
शेजारच्या घरातली