किल्ली शाळेने दिली, काम तुम्ही दाखवलंत

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

गणिताची विभागप्रमुख झाले तेव्हा हाती आलं ते एक पत्र, कपाटाची किल्ली आणि आठवड्याला दोन तासिकांची सूट. करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. पोर्शन कुठवर आला ते वहीत मांडायचं, प्रश्नपत्रिका गोळा करायच्या, यात दोन वर्षं गेली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. आम्ही मधली माणसं! शिक्षकांच्या रांगेत बसून तास भरले, झालं.

निवृत्त होऊनही तुम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातून सहा शनिवार रिक्षा करून आलात. मानधनाचं काढलं तर म्हणालात, "चहा बरा करा." (तेवढं काही जमलं नाही.)

पहिल्याच शनिवारी माझी वही बाजूला सारलीत आणि सहावीच्या तिन्ही तुकड्यांच्या उत्तरपत्रिका टेबलावर पसरायला लावल्यात. गुणांकडे बघूच दिलं नाहीत. एकच गणित, 1/2 + 1/3. अ आणि ब मध्ये पानोपानी 2/5: वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली. क मध्ये तसं लिहिणारी चारच मुलं. "क मध्ये वेगळं काय झालं?" मला सांगता येईना. माझ्या वर्गात आणि त्या वर्गात फक्त एक भिंत.

"क च्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. शेरा लिहायचा नाही." गेले. उजळणी चालली होती. आमच्यातली सगळ्यांत नवी शिक्षिका कागदाच्या पट्टीवर अर्धा भाग रंगवून, शेजारी 2/5 ची पट्टी धरून उभी होती. एक पोरगा ओरडला, "टीचर, आ तो ओछुं थई गयुं!" अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी!

सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून मुलांना शाळेत आणलं. त्याच बडोद्यात आमच्याकडे एका वर्गातली पट्टी शेजारच्या वर्गात पोचत नव्हती. ती पोचवणं हेच माझं काम, हे तुम्ही न बोलता दाखवलंत. पोर्शनची वही अजून भरावी लागते, पण आता ती शुक्रवारी दहा मिनिटांत उरकते.

फेरचाचणीत 2/5 पार गेले नाहीत, खोटं कशाला सांगू? पण परवा ब तुकडीचे सर, वीस वर्षांची नोकरी झालेले, एक वही घेऊन आपणहून माझ्या टेबलाशी आले. "हे बघा, याने वजाबाकीतही तेच केलंय." आम्ही सहावीचे तिघं शिक्षक डबा उघडा ठेवून त्यावर बोलत बसलो. घंटा झाली तेव्हा पोळ्या तशाच होत्या.

तुमची,
एक विभागप्रमुख