रन म्हणजे धावणे, एवढं लिहून भागत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर रोज एक चौकट येते, एक इंग्रजी शब्द, त्याचा एक मराठी अर्थ आणि खाली पाच-सहा समानार्थी शब्द. मध्ये एकदा रन आला होता, अर्थ दिला होता धावणे, आणि पुढे स्प्रिंट, जॉग, डॅश, बोल्ट, ट्रॉट, स्कॅम्पर. मी ठाण्यात लोकमान्य नगरला घरीच मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजी शिकवते, माझ्याकडची बरीच मुलं ही चौकट कापून वहीत चिकटवतात आणि पाठ करतात, म्हणून हे पत्र लिहितेय. चौकट बंद करा असं अजिबात म्हणत नाही, पण ती ज्या पद्धतीने येते त्यातून मुलांच्या हाताला काही लागत नाही असं मला मनापासून वाटतं.

सातवीतल्या एका मुलीला शाळेत वडिलांवर पाच वाक्यं लिहायची होती. वडिलांची चहाची टपरी आहे. तिने लिहिलं, माय फादर ड्राइव्ज अ टी स्टॉल. ड्राइव्जवर लाल गोल, बाकी काही नाही, बरोबर शब्द काय तेही लिहिलेलं नाही. आता त्या पोरीने विचार कसा केला ते बघा. मराठीत बाबा टपरी चालवतात आणि शेजारचे काका रिक्षा चालवतात, क्रियापद एकच, आणि चालवणे म्हणजे ड्राइव्ह हे तिला पाठ, म्हणजे तर्क एकदम बरोबर. रन पण तिला येत होतं, स्पेलिंगसकट, पण वहीत रन समोर फक्त धावणे असेल तर टपरीसाठी ते वापरायचं हे तिला सुचणार कुठून? आणि त्या सहा समानार्थी शब्दांतला एकही टपरीला लागू पडत नाही.

रन हा शब्द साधासुधा नाहीच मुळी. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत आधी सेट या क्रियापदाची नोंद सगळ्यात लांबलचक होती, १९८९ च्या आवृत्तीत तसंच आहे, पण नव्या आवृत्तीचं काम करताना रनने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी एकट्या रनवर नऊ महिने घालवले आणि क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ निघाले, २०११ मध्ये याची बातमीही झाली होती. माणसाचे पाय आणि वाहतं पाणी इथून सुरुवात झाली, मग यंत्रं आली, गिरणी, घड्याळ, आगगाडी सगळं रन व्हायला लागलं आणि आता कॉम्प्युटरवरचा प्रोग्रामसुद्धा. मुलांना ६४५ कोण शिकवणार, कोणीच नाही, पण रोज लागणारे दहा-बारा तरी शिकवायला हवेत ना.

मी वर्गात काय करते ते सांगते. अर्थ सांगतच नाही, अख्खं वाक्य देते आणि विचारते आपण घरी हे कसं बोलतो. माय नोज इज रनिंग, नाक गळतंय. द टॅप इज रनिंग, नळ चालू राहिलाय. द कलर रॅन, कपड्याचा रंग गेला. द रोड रन्स टू घोडबंदर, रस्ता घोडबंदरला जातो. वी रॅन आऊट ऑफ शुगर, साखर संपली. आय रॅन इनटू माय टीचर, बाई अचानक भेटल्या. इट रन्स इन द फॅमिली, ते त्यांच्या घराण्यातच आहे. एवढ्या वाक्यांत मराठीत धावणे एकदाही आलं नाही, गळणे, जाणे, संपणे, भेटणे असं सगळं आलं आणि मुलांना ते लगेच कळतं कारण मराठी वाक्य त्यांचं स्वतःचं आहे. निवडणुकीचं तर मला फार आवडतं, अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये मात्र स्टँड, आणि आपल्याकडेही माणूस निवडणुकीला उभाच राहतो. मुलं हे कधीच विसरत नाहीत.

आणि क्रिकेट तर आहेच, रन हा शब्द मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो बहुतेक मैदानातच. पण चौकार गेला तर पळायची गरजच नसते, तरी चार रन मिळतात, तुमच्या पेपरमध्येही चार धावाच छापून येतात. म्हणजे मूळ अर्थापासून शब्द किती लांब जातो हे मुलांना आधीपासून माहीत असतं, फक्त कोणी दाखवून द्यावं लागतं.

आता समानार्थी शब्दांचं. स्प्रिंट म्हणजे थोडंसं अंतर जीव तोडून, शंभर मीटरच्या शर्यतीसारखं. जॉग म्हणजे सकाळी उपवन तलावाला लोक करतात ते, हळूहळू, एका लयीत. डॅश म्हणजे ठाणे स्टेशनच्या जिन्यावरून सुटत्या लोकलसाठी मारलेली धाव. बोल्ट म्हणजे बिथरून सुसाट सुटणं. ट्रॉट ही घोड्याची दुडकी चाल, गॅलप म्हणजे चौखूर, आणि स्कॅम्पर म्हणजे उंदीर किंवा लहान पोरं तुरुतुरु पळतात तसं. बघा, प्रत्येकाला मराठीत वेगळा आणि नेमका शब्द आहे, मग सगळ्यांसमोर धावणे लिहून ते एकसारखे आहेत असं मुलांना का सांगायचं? एका मुलाने निबंधात लिहिलं की आजोबा रोज सकाळी गार्डनमध्ये स्प्रिंट करतात, कारण त्याच्या यादीत जॉग आणि स्प्रिंट शेजारी शेजारी होते. रोजे नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांचा थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, १८५२ मध्ये आला तो भाषा येणाऱ्या माणसाला ऐनवेळी शब्द आठवत नसेल तर शोधता यावा म्हणून, नवीन शिकणाऱ्याने घोकावा म्हणून नाही.

हे मुलांना पटतं कसं, तर आधी मराठीवरून. धावणे आणि पळणे एकच ना, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. मग मी विचारते, शेजारी मदतीला धावून आले की पळून आले? चोर पळून गेला की धावून गेला? धावती भेट असते, पळती भेट ऐकलीये का कोणी? देवाचा धावा करतात, पळा कोणी करत नाही. पाच मिनिटांत सगळा वर्ग बोलायला लागतो, जी मुलगी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही ती पण, आणि मग इंग्रजीतही असंच असणार हे वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या मते हाच खरा रस्ता आहे, मुलांची मराठी पक्की आहे तर तिचा उपयोग करून घ्या. आपल्या राज्यात २००० सालापासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, इतकी वर्षं झाली, आणि तरी दहावीपर्यंत आलेली मुलं शब्द ढीगभर सांगतात पण चार वाक्यं सलग बोलायची म्हटलं की अडतात. घरी इंग्रजी नसलेल्या मुलांना क्लास परवडत नाही, त्यांच्यासाठी पेपरची ही चौकट म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, म्हणून इतकं लिहितेय.

माझी विनंती एवढीच, चौकटीत समानार्थी शब्द कमी करा, दोन पुरेत, पण ते कुठे वापरायचे ते लिहा. वाचलेल्या जागेत त्या शब्दाची चार-पाच वाक्यं द्या, समोर मराठी वाक्य, शब्दाला शब्द नाही तर आपण जसं बोलतो तसं. आणि गो, कम, रन, गेट, टेक, पुट असे जे सारखे लागणारे शब्द आहेत त्यांना एक दिवस पुरत नाही, प्रत्येकाला अख्खा आठवडा द्या, एक दिवस नुसतं आऊट, ओव्हर, इनटू लागून अर्थ कसा बदलतो त्यासाठी ठेवा. वाक्यं गोळा करायला मदत हवी असेल तर माझ्याकडे मुलांनीच लिहिलेल्या वह्या आहेत, मी आनंदाने पाठवीन, मानधन वगैरे काही नको.

आपली,
एक शिकवणीच्या बाई, लोकमान्य नगर, ठाणे (प.)